भुंगा, ससा आणि सुटे भाग

चाळीस वर्षे मी बेळगावात मोटारींचे सुटे भाग विकले. फियाट, अॅम्बॅसडर, जीप, टेम्पो आणि पुढे मारुती. आमच्या काउंटरवर गिऱ्हाईक येते ते शोरूममधल्या गिऱ्हाइकासारखे हसत येत नाही. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोडका भाग असतो, बोटांना ग्रीस असते आणि गाडी चोर्ला घाटात नाहीतर खानापूरच्या पुढे कुठेतरी उभी असते. त्यामुळे मोटारीकडे बघण्याची माझी दृष्टी थोडी तिरकी झाली आहे. लोक गाडीचा रंग बघतात. मी तिची क्लचप्लेट बाजारात मिळते का ते बघतो.

२०१८च्या उन्हाळ्यात मुलीकडे पिट्सबर्गला चार महिने राहण्याचा योग आला. मुलगी आणि जावई सकाळी कामाला गेले की घरात मी, खिडकीबाहेरच्या खारी आणि न संपणारा दिवस. जावयाने सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड करून दिले. तिथे वॉल्टर हेन्री नेल्सन यांचे ‘स्मॉल वंडर’ हे साठच्या दशकातले पुस्तक हाती लागले. विषय फोक्सवॅगन. मूठभर पाने वाचून ठेवून द्यावे म्हणून उघडले आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. युद्धात हरलेल्या देशाची एक कुरूप छोटी मोटार अमेरिकेसारख्या मातब्बर बाजारात कशी शिरली, वीस वर्षे कशी राज्य करून राहिली आणि मग तिच्याच वारसाची दैना कशी झाली, ही हकिगत माझ्या धंद्यातली निघाली. म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

आधी एक घरची गोष्ट. सत्तरच्या दशकात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे वाचकांपैकी जाणत्यांना आठवत असेल. माझा नंबर लागला तेव्हा विक्रेत्याच्या टेबलावर दोन पावत्या होत्या. एक स्कूटरची, दुसरी सीटचे कव्हर, स्टेपनीचे कव्हर, पायापुढची जाळी, बंपर आणि कसला तरी पितळी पट्टा यांची. मी विचारले, “हे घ्यावेच लागते का?” तो गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाला, “छे, छे! सक्ती नाही. नको असेल तर पुढच्या नंबरवाल्याला बोलावतो.” मी दोन्ही पावत्यांचे पैसे भरले. तो पितळी पट्टा पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडला.

अमेरिकेत टंचाई नव्हती, पण दुसरी पावती होतीच. तिचे तिथले नाव ऑप्शन. साध्या गाडीची किंमत जाहिरातीत डोळ्यांत भरेल अशी कमी छापायची. मग मोठे इंजिन, आपोआप बदलणारे गिअर, हलके स्टिअरिंग, रेडिओ, पांढऱ्या पट्ट्याचे टायर अशी यादी गिऱ्हाइकापुढे धरायची. साधी गाडी विकून विक्रेत्याला फारसे सुटत नसे. सुटे ते या यादीत. पन्नासच्या दशकात हा प्रकार इतका बोकाळला की गाडीची खरी किंमत किती हे विक्रेत्याखेरीज कोणालाच कळेना. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी कायदा आणला. १९५८ साली तो मंजूर झाला. तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, प्रत्येक ऑप्शनची किंमत आणि वाहतूक खर्च छापलेला कागद चिकटवावा लागतो. तिथल्या शोरूममध्ये हा कागद मी स्वतः पाहिला. लोक त्याला अजून ‘मनरोनी’च म्हणतात. कायदा करणाऱ्याचे नाव काचेवर राहावे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

अशा बाजारात १९४९च्या जानेवारीत बेन पॉन नावाचा डच व्यापारी बोटीने न्यूयॉर्कला एक फोक्सवॅगन घेऊन उतरला. गोलाकार पाठीची, इंजिन मागे, तेही पाण्याशिवाय हवेवर थंड होणारे. पुढे जगाने तिला बीटल म्हटले. आपण भुंगा म्हणू. पत्रकारांना ती हिटलरची गाडी म्हणूनच आठवत होती. एकही विक्रेता तिला दारात उभी करायला तयार होईना. शेवटी हॉटेलचे बिल भागवण्यासाठी पॉनने तीच गाडी सुमारे आठशे डॉलरना विकून टाकली, असे सांगतात. त्या वर्षी अमेरिकेत एकूण दोन फोक्सवॅगन विकल्या गेल्या.

१९५० मध्ये हे काम मॅक्स हॉफमन यांच्याकडे गेले. व्हिएन्नाचा हा माणूस युद्धाच्या काळात न्यूयॉर्कला आला, मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या दागिन्यांवर पैसे मिळवले आणि १९४७ मध्ये पार्क अॅव्हेन्यूवर युरोपी मोटारींचे दुकान थाटले. गाडी ओळखण्याची नजर त्याच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. मर्सिडीजची ३००एसएल, पोर्शेची स्पीडस्टर, बीएमडब्ल्यूची ५०७ या गाड्या त्याच्या आग्रहातून जन्मल्या. पुढे त्याचे शोरूम फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पीने रचले; मध्ये फिरता चौथरा, भोवती वळत वर जाणारा उतार. २०१३ मध्ये ते आतून पाडून टाकले गेले. मला मात्र या माणसाविषयी एका दुकानदाराला दुसऱ्याविषयी असतो तेवढाच आदर आहे, जास्त नाही. भुंगा त्याच्या दृष्टीने किरकोळ माल होता. जग्वार किंवा पोर्शे हवी असेल तर सोबत दोन-चार फोक्सवॅगनही उचला, असे तो गावोगावच्या विक्रेत्यांच्या गळ्यात मारी, अशा हकिगती आहेत. म्हणजे इथे गाडीच दुसरी पावती होऊन बसली होती! ज्याच्या गळ्यात मारली तो तिचे सुटे भाग कशाला ठेवील? १९५३ मध्ये फोक्सवॅगनने हॉफमनशी करार संपवला.

वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याची सूत्रे १९४८ पासून हाइन्रिख नोर्डहोफ यांच्या हाती होती. हा गृहस्थ ओपेलमध्ये, म्हणजे जनरल मोटर्सच्या जर्मन कंपनीत, वाढलेला. अमेरिकन धंद्याची नस त्याला ठाऊक होती. दरवर्षी पत्र्याला नवी घडी घालून जुन्या गाडीवाल्याला लाजवायचे, हा तिकडचा रिवाज त्याने जाणूनबुजून टाळला. बदल करायचे ते आत, आणि गरजेचे. बाहेरून १९५० चा भुंगा आणि १९६० चा भुंगा भाऊ वाटत.

१९५४ मध्ये विल व्हान डे काम्प नावाचा कारखान्याचा माणूस अमेरिकेत आला. तो धर्मप्रचारकाच्या ओढीने हिंडला. त्याने विभागवार घाऊक वितरक नेमले, त्यांनी गावोगावचे विक्रेते निवडले. अट अशी की दुसऱ्या गाड्यांच्या कोपऱ्यात फोक्सवॅगन चालणार नाही. जागा वेगळी, वर्कशॉप वेगळे, खास हत्यारे वेगळी, मिस्त्री कारखान्याच्या पद्धतीने शिकवलेला, आणि फळीवर सुटे भाग आधी हजर. गाड्या त्यानंतर. १९५५ मध्ये न्यू जर्सीत फोक्सवॅगन ऑफ अमेरिका ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी तिथला स्टुडबेकरचा एक कारखाना विकत घेऊन गाड्या अमेरिकेतच जोडायचा विचार झाला होता. हिशेब केला, परवडेना, आणि कारखाना विकून टाकला. ही गोष्ट पुढे आठवावी लागणार आहे.

सुट्या भागांवर दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्याकडे फियाटचा भाग मागायला येणारा माणूस “ते गोल, मध्ये भोक असलेले” असे सांगे आणि आम्ही अंदाजाने चार डबे काढत असू. फोक्सवॅगनच्या प्रत्येक भागाला नऊ आकडी नंबर. पहिले तीन आकडे गाडीची जात सांगतात. ११३ म्हटले की भुंग्याच्या कुळातला. चौथा आकडा अंग सांगतो: १ इंजिन, २ पेट्रोल आणि धुराडे, ३ गिअरपेटी, ४ पुढचा आस, ५ मागचा, ६ चाके आणि ब्रेक, ७ दांडे आणि पायपट्ट्या, ८ बॉडी, ९ वीज. पुढच्या दोन आकड्यांत पोटविभाग, शेवटच्या तिघांत नेमका भाग. त्यात सुधारणा झाली की मागे एक अक्षर लागते. म्हणजे जर्मन भाषेचे अक्षरही न जाणणारा नेब्रास्कातला पोरगा डोळे झाकून फळीवरून बरोबर डबा काढील. आणि गाडीचा आकार वर्षानुवर्षे तोच असल्याने कितीतरी भाग मागच्या-पुढच्या वर्षांना चालत. दुकानदाराचे भांडवल कुजत पडत नसे. ज्याने मालाची फळी सांभाळली आहे त्यालाच यातले सुख कळेल.

ऑप्शनची यादी विचाराल तर हसू येईल. रेडिओ, वर उघडणारे छप्पर, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, सामानाची जाळी; जवळपास संपली. १९६१ पर्यंत पेट्रोलचा काटासुद्धा नव्हता. इंजिनने आचके दिले की पायाजवळचा दांडा फिरवून राखीव पेट्रोल चालू करायचे, म्हणजे अगदी आपल्या स्कूटरच्या रिझर्व्हसारखे. अमेरिकेसाठी म्हणून वेगळे काय केले? बंपर भक्कम केले, दिवे तिकडच्या कायद्याप्रमाणे दिले आणि १९५५ च्या सुमारास खांबातून बाहेर येणारी पिवळी पाती काढून मिचकावणारे दिवे बसवले. किंमत पंधराशे ते सोळाशे डॉलर. विक्रेत्याला यादीवर कमवायला वाव नव्हता. तो कमवी सर्व्हिसिंगवर, आणि गिऱ्हाईक परत येई तेव्हा.

१९५९ हे कसोटीचे वर्ष. अमेरिकेत त्या वर्षी सहा लाखांवर परदेशी गाड्या खपल्या. फोक्सवॅगन पहिली, सुमारे १ लाख २० हजार; पण रेनोची दोफीन नावाची नाजूक फ्रेंच गाडी नव्वद हजारांवर जाऊन तिच्या पाठीशी लागली होती. दोफीन दिसायला भुंग्यापेक्षा शंभरपट देखणी. इंजिन ८४५ सीसीचे. पॅरिसच्या गल्ल्यांत गुणी, पण अमेरिकेच्या हमरस्त्यांवर दिवसभर ताशी शंभर किलोमीटरने पळण्यासाठी ते घडवलेलेच नव्हते. मिठाच्या रस्त्यांवर पत्रा गंजे. (बर्फ वितळावा म्हणून तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.) हे दोष सुधारता आले असते. सुधारता न येण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. रेनोने घाईघाईने सापडेल त्याला विक्रेता केले. इतर गाड्या विकता विकता ‘ही पण एक’ म्हणून दोफीन ठेवणारे ते लोक. भागाचा पत्ता नाही, मिस्त्रीला गाडी ठाऊक नाही. तेवढ्यात, १९५९ च्याच अखेरीस, डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या आणल्या: फाल्कन, कॉर्व्हेअर, व्हॅलियंट. परदेशी गाड्यांचा बाजार तीन वर्षांत जवळजवळ निम्मा झाला. रेनोच्या न खपलेल्या गाड्या बंदरांवर साचून राहिल्या. आणि त्याच तीन वर्षांत फोक्सवॅगनचा खप वाढून दोन लाखांच्या जवळ गेला.

याचे श्रेय सगळे जाहिरातीला देतात. १९५९ मध्ये अमेरिकेतील कंपनीची धुरा घेतलेल्या तरुण कार्ल हान यांनी डॉइल डेन बर्नबाख ही जाहिरात संस्था निवडली आणि तिने ‘थिंक स्मॉल’ची मालिका केली, हे आज जाहिरातीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. ‘लेमन’ ही १९६० ची जाहिरात माझी आवडती. गाडीचे चित्र आणि खाली तो एकच शब्द. तिकडे लेमन म्हणजे फसवा, टाकाऊ माल. खालच्या मजकुरात कळते की पुढच्या कप्प्यावरची क्रोमची पट्टी जराशी डागाळली म्हणून तपासनिसाने ही गाडी रोखून धरली. सुंदर! पण मी दुकानदार आहे. जाहिरात गिऱ्हाइकाला एकदा दारापर्यंत आणते. दोफीनच्या जाहिरातीही वाईट नव्हत्या. ज्या गावात भुंग्याचा ब्रेक-सिलिंडर दुपारच्या आत मिळत होता, त्या गावात ‘लेमन’ वाचून लोक हसले. मिळत नसता तर त्याच शब्दाने कंपनीचे नाक कापले असते.

फियाटचे तसे झाले. आमच्या फियाटचे, म्हणजे कुर्ल्याला बनणाऱ्या गाडीच्या माहेरचे. सत्तरच्या दशकात गंज आणि बिघाड यांनी ती अमेरिकेत इतकी बदनाम झाली की तिच्या चार अक्षरांचा अर्थ लोक ‘फिक्स इट अगेन, टोनी’ असा लावू लागले. १९८३ च्या सुमारास तिने गाशा गुंडाळला. बेळगावात मात्र तीच गाडी आम्ही पुढची वीस वर्षे टॅक्सी म्हणून पळवली. आमच्याकडे गल्लीगल्लीत टोनी होता आणि त्याच्या फळीवर माल होता.

फोक्सवॅगनचा कळस १९७० मध्ये झाला. त्या वर्षी अमेरिकेत तिच्या ५ लाख ६९ हजारांवर गाड्या खपल्या. विक्रेते हजारावर. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी भुंग्याने फोर्डच्या मॉडेल टीचा दीड कोटींचा विक्रम मोडला. पण पाया आतून पोखरत होता. १९६१ पर्यंत एका डॉलरला ४.२० मार्क मिळत. १९७३ च्या अखेरीस पावणेतीनच्या आसपास. स्वस्त गाडी आपोआप महाग झाली. १९६४ पासून छोट्या मालवाहू गाड्यांवर पंचवीस टक्के जकात बसली होतीच. त्याचे कारण कोंबड्या! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अमेरिकेने उलट फोक्सवॅगनच्या पिकअपवर लावला. नोर्डहोफ १९६८ मध्ये वारले. भुंग्याच्या जागी काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मागे ठेवले नव्हते. १९७५ मध्ये टोयोटाने अमेरिकेतला परदेशी गाड्यांचा पहिला नंबर हिसकावला.

भुंग्याचा वारस म्हणजे गोल्फ. इंजिन पुढे, आडवे, पाण्याने थंड होणारे. चाके ओढणारी पुढची. गाडी म्हणून ती भुंग्यापेक्षा फार पुढची होती यात वाद नाही. अमेरिकेत मात्र तिचे नाव रॅबिट ठेवले. १९८५ च्या मॉडेलला पुन्हा गोल्फ केले, २००६ ला परत रॅबिट, काही वर्षांनी परत गोल्फ. नावाच्या वादात आयुष्य घालवलेल्या आम्हा बेळगावकरांना यात नवल वाटायला नको. पण इथे भांडणाऱ्या दोन बाजूही नव्हत्या, एकच कंपनी स्वतःशी भांडत होती.

रॅबिट आली आणि एका रात्रीत हजारभर वर्कशॉपांतली विद्या शिळी झाली. वीस वर्षांत जमवलेली खास हत्यारे, हाताला लागलेली सवय, फळीवरचे ११३ चे डबे. नव्या गाडीला त्यातले जवळजवळ काही चालेना. पहिल्या वर्षांतल्या गाड्यांविषयी तक्रारीही बऱ्याच आल्या, तेल पिण्याची विशेष. ज्या विक्रेत्याकडे लोक डोळे मिटून जात होते, तोच आता गाडीखाली पडून पुस्तक वाचत होता.

मार्क महागला तर गाड्या अमेरिकेतच बनवू, हा वीस वर्षांपूर्वी सोडलेला विचार पुन्हा निघाला. पिट्सबर्गच्या आग्नेयेला न्यू स्टँटनजवळ क्रायस्लरने अर्धवट सोडलेला एक प्रचंड सांगाडा होता. पेनसिल्व्हेनिया राज्याने कर्जे आणि सवलती देऊन तो फोक्सवॅगनच्या पदरात घातला. पोलादाचा धंदा बसत चाललेल्या त्या मुलखाला हजारो नोकऱ्यांची आशा होती. एप्रिल १९७८ मध्ये पहिली रॅबिट बाहेर पडली. त्याच वर्षी कामगारांचा संपही झाला. घोषणा होती ‘नो मनी, नो बनी’. प्रमुख म्हणून आणले जेम्स मॅकलर्नन, मुरलेले जनरल मोटर्सवाले. आणि इथे दुसरी पावती पुन्हा टेबलावर आली.

अमेरिकन गिऱ्हाइकाला काय आवडते हे आपल्याला ठाऊक आहे, असा या मंडळींचा विश्वास. स्प्रिंगा मऊ केल्या. आसने मऊ केली. आतला रंग एकसारखा हवा म्हणून गालिचा, दरवाजे, आसने, पट्टे, सगळे निळे तर निळे आणि तांबडे तर तांबडे. चौकोनी दिवे आले. टीकाकार म्हणू लागले, हा ससा नव्हे, ही तर शेव्हरलेची मालिबू. खुद्द वोल्फ्सबुर्गचे लोक गाडी चालवून चकित झाले म्हणतात. विचार करा: ज्याला मऊ गादीची, रंगीत गालिच्याची गाडी हवी होती त्याच्यासाठी डेट्रॉइट बसलेच होते. फोक्सवॅगनकडे येणारा माणूस त्याला कंटाळून आला होता. त्याला दुकानात शिरल्यावर जे सोडून आला तेच दाखवले. १९८२ मध्ये तेच कार्ल हान वोल्फ्सबुर्गचे मुख्य झाले. १९८३ च्या मॉडेलला कडक स्प्रिंगांची जीटीआय पेनसिल्व्हेनियात बनू लागली आणि तिचे कौतुकही झाले. पण तोवर गिऱ्हाईक होंडाकडे गेले होते. जुलै १९८८ मध्ये कारखाना बंद पडला. दहा वर्षांत साडेअकरा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. शेवटी सुमारे अडीच हजार कामगार घरी बसले. १९९३ मध्ये अमेरिकेत कंपनीचा खप पन्नास हजारांच्याही खाली घसरला. १९७० चा आकडा शेजारी ठेवून पाहा.

पुढचे वाचकांना ठाऊक आहे. १९९८ च्या नव्या बीटलने थोडी धुगधुगी आणली, २०११ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाला नवा कारखाना निघाला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले की सुमारे ४ लाख ८० हजार डिझेल गाड्यांत परीक्षा ओळखणारी प्रणाली बसवलेली आहे. परीक्षेत धूर स्वच्छ, रस्त्यावर कितीतरी पट घाण. सगळे बोलले ते पर्यावरणाविषयी, आणि ते बरोबरच. माझ्या मनात विक्रेते आले. लबाडी वोल्फ्सबुर्गची, गिऱ्हाइकाला तोंड द्यायला काउंटरवर उभे हे. विकायला बंदी झालेल्या डिझेल गाड्या अंगणात उभ्या, व्याज चालू. २०१६ मध्ये कंपनीने ६५२ विक्रेत्यांना मिळून सुमारे १२० कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. पैसे मिळाले. गावात वीस-तीस वर्षे ओळख असलेल्या माणसाला “ही गाडी चांगली आहे, घ्या” असे सांगितले होते, त्याचे काय मोल लावले असेल कोण जाणे.

परतण्याच्या आधीच्या रविवारी जावयाच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ मला तो न्यू स्टँटनचा कारखाना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी १९७८ पासून शेवटच्या दिवसापर्यंत तिथे काम केले होते. फोक्सवॅगन गेल्यावर तिथे सोनीने बरीच वर्षे दूरचित्रवाणी संच बनवले. आता ती जागा निरनिराळ्या कंपन्यांना भाड्याने देतात. बाहेरून दिसते ती नुसती लांबच लांब पांढुरकी भिंत आणि गाड्या उभ्या करायची अफाट मोकळी जागा. ते बोटाने दाखवत होते: इथे बॉडी, इथे रंग, इथून गाड्या बाहेर. मला एक उडणारा कावळा तेवढा दिसला.

मग ते मला घरी घेऊन गेले. गॅरेजमध्ये निळ्या रंगाची रॅबिट पिकअप होती, त्यांच्याच कारखान्यात बनलेली. (अमेरिकेत बनलेली म्हणून तिला कोंबड्यांची ती जकात नव्हती.) तिच्या मागच्या भिंतीवर फळ्या, आणि फळ्यांवर डबे. गावातला विक्रेता दुकान बंद करत होता तेव्हा त्याच्याकडचा माल त्यांनी पडत्या भावात उचलला होता. मी चष्मा काढून पुसला आणि एका डब्यावरचा नंबर वाचला. पहिले तीन आकडे १७१, चौथा ६. “ब्रेक,” मी म्हणालो. त्यांनी दुसरा डबा पुढे केला. चौथा आकडा ८. “बॉडी.” तिसरा, ९. “वीज.” म्हातारा खुर्ची ओढून खाली बसला आणि मोठ्याने हसला. “तुमच्याकडे ही गाडी आहे?” त्याने विचारले. नाही, मी सांगितले, आमच्याकडे ती कधी आलीच नाही.

पेन्सिलीने लिहिलेल्या त्यांच्या वहीत फळीवरच्या प्रत्येक डब्याची नोंद होती. शेवटच्या पानावर दोन नंबर तांबड्या शाईत होते; पिकअपच्या मागच्या फळक्याचे, कुठेच न मिळणारे. ते त्यांनी एका चिठ्ठीवर उतरून मला दिले. इंडियात बघा, म्हणाले. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे हे मीच त्यांना बढाईने सांगून बसलो होतो. परत आल्यावर पुण्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन करून नंबर वाचून दाखवले. त्याने पहिले तीन आकडे ऐकले आणि म्हणाला, “अहो मालक, ही कुठल्या जमान्यातली गाडी?” मी पुढचे सहा आकडेही त्याला उतरून घ्यायला लावले.